वाकलेल्या काचेतून गळणारा प्रकाश

रायगड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर, उरण तालुक्यातील न्हावाशेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशातील आघाडीच्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. पश्चिम भारतात जोडल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचांसाठी आणि संगणकांसाठी लागणारे एलसीडी पडदे ज्या दारांतून देशात येतात, त्यांतील हे एक प्रमुख दार. संचाचा सांगाडा, वीजपुरवठा, ध्वनिक्षेपक यांतले बरेचसे आता देशातच तयार होते. पडदा मात्र आयातच करावा लागतो, आणि संचाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा या पडद्याचाच असतो.

या पडद्यांतील एक किरकोळ भासणारा दोष सध्याच्या औद्योगिक चर्चेवर चांगलाच प्रकाश टाकतो. वक्र एलसीडी पडद्यावर काळोखाचे दृश्य आले की कोपऱ्यांत फिकट, धुरकट उजेड दिसू लागतो. तंत्रज्ञ त्याला प्रकाशगळती म्हणतात. ही गळती कशी होते, ती कोणी आणि कशी कमी केली, हे पाहिले म्हणजे पडदानिर्मितीतील खरे मूल्य कोठे दडले आहे ते कळते. महाराष्ट्राने गेली दहा वर्षे ज्या प्रकल्पांचा पाठपुरावा केला, ते या मूल्याच्या वाटेवर होते का, हा प्रश्नही त्यातूनच पुढे येतो.

काळा रंग कसा तयार होतो?

एलसीडी पडदा स्वतः प्रकाशत नाही. त्याच्या पाठीमागे सतत दिवा जळत असतो आणि पडदा त्या प्रकाशाला वाट देतो किंवा अडवतो. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा थर असतो. माणसाचा केस याच्या पंधरा-वीस पट जाड भरेल. दोन्ही काचांच्या बाहेरच्या बाजूंस प्रकाशाचे ध्रुवण करणारी फिल्म, म्हणजे पोलरायझर, चिकटवलेला असतो. या दोन फिल्म एकमेकींशी काटकोनात असतात. पहिलीतून आलेला प्रकाश दुसरीने पूर्ण अडवला, तर पडदा काळा दिसतो. द्रवस्फटिकाने मधल्या मध्ये प्रकाशाची दिशा वळवली, तर तो दुसऱ्या फिल्ममधून बाहेर पडतो.

याचा अर्थ असा की, एलसीडीतील काळा रंग हा दिवा विझवून मिळालेला नसून प्रकाश अडवून मिळवलेला असतो. दोन पोलरायझरांच्या मध्ये असलेल्या कोणत्याही वस्तूने प्रकाशाच्या ध्रुवणात थोडाही फेरफार केला, की बंदोबस्तात फट पडते. सपाट पडद्यात मधली काच निरुपद्रवी असते. वाकवली की मात्र ती तशी राहत नाही.

सरकू द्यावे की अडवावे?

सत्तावीस इंची पडद्याचे उदाहरण घेऊ. त्याची रुंदी सुमारे ६०० मिलिमीटर असते. संगणकाच्या वक्र पडद्यांवर ‘१८००आर’ असे लिहिलेले आढळते, त्याचा अर्थ १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो एक तुकडा आहे. प्रत्येकी अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन काचा या त्रिज्येत एकत्र वाकवल्या, तर बाहेरच्या काचेला आतल्या काचेपेक्षा सुमारे १६७ मायक्रॉन अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही काचा एकमेकींवरून मोकळेपणाने सरकल्या, तर प्रत्येक टोकाला सुमारे ८३ मायक्रॉनांचा फरक पडेल. अशा पडद्यावर, प्रचलित २५६० बिंदूंच्या रचनेत, लाल, हिरव्या किंवा निळ्या उपबिंदूची रुंदी सुमारे ७८ मायक्रॉन असते. म्हणजे टोकाशी एका काचेवरचा लाल रंग दुसऱ्या काचेवरच्या हिरव्याच्या जागी जाऊन बसेल. बिंदूंच्या सीमा झाकण्यासाठी काळ्या रेषांची जाळी असते, तीही जागेवरून हलेल आणि उघड्या पडलेल्या फटींतून प्रकाश निसटेल.

प्रत्यक्षात काचा इतक्या सरकत नाहीत, कारण त्यांच्या चारही कडा सीलने घट्ट जोडलेल्या असतात. पण सरकणे अडवले की त्याची जागा ताण घेतो. ताणलेल्या काचेत प्रकाशाची गती सर्व दिशांना सारखी राहत नाही आणि त्यामुळे ध्रुवण बिघडते. काचेच्या जाडीचा आणि वक्रतेचा ढोबळ हिशेब केला, तर या पडद्यात दहा मेगापास्कलच्या आसपास ताण निर्माण होतो. एवढ्या ताणाने प्रकाशाच्या दोन घटकांत पंधराएक नॅनोमीटरचा फरक पडू शकतो. हिरव्या प्रकाशाची लहर सुमारे ५५० नॅनोमीटरची असते, त्यामानाने हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु ताणाची दिशा पोलरायझरच्या दिशेशी ४५ अंशांत आली, तर त्या ठिकाणी सुमारे ०.७ टक्के प्रकाश बाहेर पडतो. चांगल्या पडद्यात काळ्या आणि पांढऱ्याच्या तेजात तीन हजार पटींचा फरक अपेक्षित असतो. अशा वेळी तो दीडशे पटींच्याही खाली येतो.

ही गळती मुख्यत्वे कोपऱ्यांतच का दिसते, याचेही उत्तर येथेच आहे. पडद्याच्या मधल्या भागात ताणाची दिशा वाकवण्याच्या दिशेला धरून असते आणि ती पोलरायझरच्या दिशेशी जुळते, म्हणून तेथे ध्रुवण बिघडत नाही. कोपऱ्यांत सील दोन बाजूंनी ओढतो, ताणाची दिशा तिरपी होते आणि उजेड निसटतो. थोडक्यात, काचा सरकू दिल्या तर जुळणी बिघडते आणि अडवल्या तर ताण वाढतो, असा हा पेच आहे.

उपाय काचेत, थरात आणि चौकटीत

या पेचातून सुटण्याचा पहिला मार्ग म्हणजे काच पातळ करणे. जाडी निम्मी केली की सरकण्याचे अंतर निम्मे होते. ताणही निम्मा होतो आणि प्रकाशाला त्या ताणातून जे अंतर कापावे लागते तेही निम्मे होते, म्हणून ध्रुवणातील बिघाड एक चतुर्थांशावर येतो. पण पातळ काच फुटण्याची शक्यता अधिक असते आणि ती पातळ करण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी अत्यंत घातक रसायने वापरावी लागतात.

दुसरा मार्ग रचनेचा. रंगगाळण्या आणि काळी जाळी समोरच्या काचेवर न ठेवता ज्या काचेवर ट्रान्झिस्टर आहेत तिच्यावरच बसवली, तर दोन काचांच्या जुळणीचा प्रश्नच फारसा उरत नाही. काळ्या रेषा जाड करणे हा याहून सोपा उपाय आहे, मात्र त्यात पडद्याचे तेज घटते.

तिसरा मार्ग द्रवस्फटिकाच्या मांडणीचा. वाकवलेल्या पडद्यात बाहेरची काच ताणली जाते आणि आतली दाबली जाते, त्यामुळे दोन्हींचे परिणाम परस्परविरोधी असतात. ‘व्हीए’ प्रकारात अंधाराच्या वेळी द्रवस्फटिकाचे रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि समोरून पाहताना ते प्रकाशात ढवळाढवळ करीत नाहीत. त्यामुळे एका काचेने केलेला बिघाड दुसरी बऱ्याच अंशी पुसून टाकते. ‘आयपीएस’ प्रकारात रेणू आडवे असतात, मधला थर एका काचेच्या परिणामाची दिशा उलटवतो आणि दोन्ही बिघाडांची बेरीज होते. वक्र पडद्यांत व्हीए प्रकाराला पसंती मिळते, त्यामागे हेही एक कारण आहे.

चौथा मार्ग सांगाडा आणि चिकटद्रव्य यांचा. कोपऱ्यातील स्क्रू अधिक आवळला गेला, चौकटीची वक्रता पडद्याच्या वक्रतेशी तंतोतंत जुळली नाही किंवा चिकटद्रव्य फार कठीण असले, तर नवीन ताण पडतो आणि चांगला पडदाही कारखान्यात बिघडतो. चार मार्गांपैकी हा एकच असा आहे, जो पडदा जोडणाऱ्या भारतीय कारखान्याच्या हातात आहे. उरलेले तिन्ही निर्णय पडदा जहाजात चढण्यापूर्वीच झालेले असतात.

किनाऱ्यावरची हवा

यात कोकणची हवा आणखी एक अडचण घालते. पोलरायझरचा गाभा म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, आयोडीनने रंगवलेली आणि मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलेली फिल्म. ती पाणी शोषते आणि उष्णता व ओल मिळाली की ताणलेल्या दिशेत पुन्हा आक्रसू पाहते. पुढची आणि मागची फिल्म एकमेकींशी काटकोनात असल्याने त्यांची ओढही वेगवेगळ्या दिशांना असते. परिणामी पडदा किंचित मुरडतो आणि कोपऱ्यांत उजेड दिसू लागतो. सपाट पडद्यातही हे घडते. वक्र पडद्यात आधीच असलेल्या ताणात त्याची भर पडते.

उत्पादक म्हणूनच पडद्यांची परीक्षा ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या पेटीत शेकडो तास ठेवून घेतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. उन्हात तापलेला बंदिस्त कंटेनर ही तर अशा पेटीचीच धाकटी आवृत्ती. शीतकटिबंधातील दिवाणखाना डोळ्यांपुढे ठेवून आखलेले निकष या किनाऱ्याला पुरेसे पडतीलच असे नाही. येथील हवेत पडद्यांची दीर्घकाळ परीक्षा घेणारी प्रयोगशाळा फार मोठ्या भांडवलाशिवाय उभी राहू शकते आणि तिचा उपयोग मुंबईपासून कोचीपर्यंतच्या सर्व दमट शहरांतील ग्राहकांना होईल.

वक्र पडदा ही चैनीची वस्तू आहे, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल काय? वक्र दूरचित्रवाणी संचांची लाट खरोखरच ओसरली आहे. २०१३ मध्ये सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्यांनी गाजावाजा करून आणलेले हे संच काही वर्षांतच मागे पडले. पण वक्र पडदा संगणकाच्या टेबलावर टिकला आणि आता तो मोटारीत शिरतो आहे. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या आणि चाकण येथे तयार होणाऱ्या ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेच्या मोटारीत समोर १२.३ इंचांचे तीन पडदे रांगेने बसवले आहेत. हे पडदे वाकलेले नाहीत. तरी मोटारीचा दर्शनी भाग पडद्यांनी व्यापण्याची आणि त्यांना त्या भागाच्या वळणानुसार वळवण्याची दिशा जगभर स्पष्ट आहे. रात्री घाटातून जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यांतून उजेड सांडणारा पडदा असणे, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

बेंगळुरूचा रेणू, जपानची फिल्म

या क्षेत्रात भारत अगदीच कोरा होता, असे मात्र नाही. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनलेल्या द्रवस्फटिकांचा शोध लावला. तोपर्यंत द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखेच असतात, अशी समजूत होती. त्यांचा निबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी १९५०च्या दशकात त्याच संस्थेत एस. पंचरत्नम यांनी ध्रुवित प्रकाशावर केलेले काम आजही जगभर संदर्भासाठी घेतले जाते. वाकलेल्या काचेचा प्रकाशावरील परिणाम मोजताना ज्या स्वरूपाचे गणित लागते, त्याच प्रांतातले ते काम आहे.

पुढे काय झाले? १९९०च्या दशकाच्या मध्यास जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने चकतीच्या आकाराच्या रेणूंचा थर दिलेली एक फिल्म बाजारात आणली. तिरपे पाहताना एलसीडी पडद्यातून होणारी प्रकाशगळती या फिल्मने मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणली. ही गळती वाकण्यामुळे होणाऱ्या गळतीहून वेगळी. उपायाचे तत्त्व मात्र एकच : एका थराने केलेला बिघाड दुसऱ्या थराने पुसणे. बेंगळुरूत ज्या वर्गातील रेणू प्रथम ओळखले गेले, त्यांचे मोल जपानमध्ये वसूल झाले. शोध आणि उत्पादन यांच्या मधला जो दुवा आपल्याकडे नव्हता, तो होता फिल्म बनवणाऱ्या रसायन उद्योगाचा. फुजीजवळ छायाचित्रांच्या फिल्मवर अतिशय एकसारखे थर देण्याचा अनेक दशकांचा अनुभव होता आणि तोच तिच्या कामी आला.

मोठे आकडे, रिकाम्या जागा

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तैवानच्या फॉक्सकॉनने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा करार केला, पण ती गुंतवणूक आली नाही. तळेगाव येथे अपेक्षित असलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातकडे गेला, त्यावरून राज्यात राजकीय वादळ उठले. त्या १ लाख ५४ हजार कोटींच्या प्रस्तावातील ९४,५०० कोटी रुपये पडद्यांच्या कारखान्यासाठी होते, हे त्या गदारोळात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. रायगडच्या वाट्याला सप्टेंबर २०२४ मध्ये तळोजा येथील अदानी-टॉवर चिप प्रकल्प आला. राज्याने ८३,९४७ कोटींच्या त्या प्रस्तावाला मंजुरी दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये ही बोलणी थांबल्याचे वृत्त आले.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना आणली. तीत पडद्यांच्या कारखान्यांनाही निम्म्या खर्चापर्यंत साहाय्य देऊ केले होते. ऑगस्ट २०२५ पर्यंत मंजूर झालेल्या दहा प्रकल्पांत मात्र पडद्याचा एकही कारखाना नव्हता. दरम्यान पडद्यांवरील आयात शुल्काचा लंबक हलत राहिला. दिवा न जोडलेल्या पडद्यावरील, म्हणजे ओपन सेलवरील, पाच टक्के शुल्क सप्टेंबर २०१९ मध्ये काढले गेले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा लावले गेले. ओपन सेलच्या सुट्या भागांवरील शुल्क २०२३ मध्ये अडीच टक्क्यांवर आले आणि २०२५च्या अर्थसंकल्पात शून्यावर. सुटे भाग येथे आणून पडदा येथेच तयार व्हावा, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण सुटे भाग म्हणजे अखेर काच, पोलरायझर आणि इतर फिल्मच. प्रकाशगळतीचे उत्तर ज्या वस्तूंत आहे, त्या पुन्हा परदेशातूनच येणार.

जगाचे चित्रही वेगाने बदलले आहे. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडीचे उत्पादन थांबवले, शार्पने सकाई येथील मोठ्या पडद्यांचे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले आणि एलजीचा ग्वांगझूचा एलसीडी कारखाना २०२५ मध्ये चीनच्या टीसीएल समूहाकडे गेला. मोठे एलसीडी पडदे आता प्रामुख्याने चीनमध्येच तयार होतात. ज्या धंद्यातून कोरिया आणि जपान यांनी तोट्यापोटी पाय काढला, त्यात नव्वद हजार कोटी ओतून उतरण्यात शहाणपण किती, हे तपासायला हवे.

रायगडला काय जमेल?

रायगडची खरी ताकद काच ओतण्यात नाही, ती रसायनांत आहे. पाताळगंगेच्या काठी १९८०च्या दशकापासून पॉलिएस्टर तयार होते. नागोठण्यात पेट्रोरसायन संकुल आहे, त्याच्याजवळच आमडोशी येथे सुप्रीम पेट्रोकेम पॉलिस्टायरिन बनवते. तळोजा, रोहा, महाड येथे रसायनांच्या वसाहती आहेत. पडद्यामागील दिव्याचा प्रकाश पसरवणाऱ्या पत्र्या पॉलिस्टायरिनपासून बनवता येतात आणि त्यावरच्या अनेक फिल्मचा पाया पॉलिएस्टरचाच असतो. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकवली जाते. न्हावाशेवा बंदर हाताशी आहेच आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचा समावेश आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या २२,९१९ कोटींच्या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग योजनेत पडद्याच्या जोडणीलाही स्थान मिळाले आहे.

अर्थात बादल्या-डब्यांचे पॉलिस्टायरिन आणि पडद्याचे पॉलिस्टायरिन यांत मोठे अंतर आहे. धुळीचा एक कण, जाडीतील सूक्ष्म फरक, फिल्म गुंडाळताना राहिलेला किंचित ताण यांपैकी काहीही पडद्यावर डागासारखे उमटते. हे अंतर कापायला दहा-पंधरा वर्षे लागतील आणि त्यासाठी उद्योग, विद्यापीठ व परीक्षण प्रयोगशाळा यांची सातत्याची संगत लागेल. त्याचे भूमिपूजन झोकात होत नाही आणि आकडाही मथळ्यात मावण्याजोगा नसतो. कदाचित म्हणूनच राज्यकर्त्यांना त्याचे आकर्षण वाटत नाही.

आणखी एक इशारा रायगडकरांच्या चांगला परिचयाचा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न देशभर गाजला. काच पातळ करण्यासाठी लागणारी आम्ले आणि फिल्मच्या कारखान्यातील द्रावके हे रंगांपेक्षा अधिक धोकादायक प्रकरण आहे. सांडपाण्याची चोख व्यवस्था आधी आणि कारखाना नंतर, हा क्रम येथे पाळला गेला नाही, तर पडद्यावरचा उजेड रोखताना खाडीतील मासळी गमावण्याची वेळ येईल.

पडदा काळा दिसावा यासाठी थर अनेक लागतात आणि त्यांतला एकही बिघडून चालत नाही. उद्योगाचेही तसेच आहे. आज आपल्या हाती सगळ्यांत बाहेरचा थर, म्हणजे चौकट आणि स्क्रू, एवढाच आहे. एकदम सगळे थर मिळवून देणाऱ्या महाप्रकल्पाची वाट पाहत तळेगाव आणि तळोजा येथे झालेली निराशा पुन्हा पदरी घ्यायची, की एका थरापासून सुरुवात करून आत शिरायचे, याचा निर्णय राज्याला करावा लागेल. फुजीने तेच केले होते. तिने पडदा कधी बनवला नाही, एक फिल्म बनवली आणि जगातील असंख्य एलसीडी पडद्यांत स्वतःची जागा मिळवली.